शेवटचा आकडा बदलून पाहिला, रेहाना

रेहाना, काल दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी तुझा चिठ्ठ्यांचा खेळ करून पाहिला आणि तो फसला.

तू तो कसा करायचीस ते मी दारातून कितीदा पाहिलं होतं. एका मुलाला पुढे उभं करायचं. बाकीच्यांनी आपापलं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. पुढच्यानं चिठ्ठीत असेल ते जसंच्या तसं मोठ्यानं वाचायचं, आणि त्याच्या तोंडून हुकूम आला तर वर्गानं तो पाळायचा. काही नावं वाचून झाली की मध्येच तू सरकवलेली चिठ्ठी यायची. "गणेश हजर. आता सगळे उठा आणि बाहेर जा." तो बिचारा वाचून मोकळा व्हायचा आणि अख्खा वर्ग आरडाओरडा करत बाहेर. शेजारच्या वर्गातले सर डोकावायचे. तू व्हरांड्यात सगळ्यांना गाठायचीस. "याचं काय चुकलं? उच्चार चुकला? नाही ना? नाव कुठे संपलं आणि हुकूम कुठे सुरू झाला, हे यानं बघितलंच नाही. बाहेरच्यानं लिहिलेलं याच्या तोंडून आलं आणि तुम्ही निमूट ऐकलंत. तुमचा प्रोग्रॅमसुद्धा असाच बावळट असतो. नावाच्या चौकटीत लोक नावच लिहितील असं धरून चालतो."

काल मी पुढे उभ्या केलेल्या मुलानं चिठ्ठी वाचली आणि कुणीच उठलं नाही. हा खेळ तुझा आहे हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या बाकावरची मुलगी रडायला लागली. मी फळा पुसायला वळले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

तू गेल्याचा चाळीसावा अजून व्हायचाय. आणि मी इथे बसून तुझ्याशी भांडायचं काय काय राहिलं ते आठवतेय.

धुळ्यातल्या देवपूरच्या या कॉलेजात आपण बरोबरच लागलो. तू पाचोऱ्याच्या शिंपी मास्टरांची मुलगी, मी रावेरकडच्या केळीवाल्यांची. पहिल्या दिवशी तू माझा डबा उघडून भरीत चाखलंस आणि म्हणालीस, "कल्पना, मिरची कुणी टाकली यात, शत्रूनं?" तेव्हापासून आपलं जमलं. आणि तेव्हापासूनच भांडण. तुझं म्हणणं, चूक म्हणजे विसरणं नव्हे, गृहीत धरणं. मुलाच्या प्रोग्रॅमचं उत्तर अगदी बरोबर आलं, तरी आत येणारी गोष्ट त्यानं तपासली नसेल तर तू शून्य द्यायचीस. साखरेत घोळलेलं शून्य नाही, लाल पेनानं, गोल, ठसठशीत.

मी म्हणायचे, माणसं चुकणारच. आठ अक्षरांची जागा ठेवली आणि कुणी बारा अक्षरांचं नाव घातलं, तर उरलेली चार शेजारच्या जागेत घुसतात. त्या शेजारच्या जागेत हा माणूस साधा की अधिकारी हे लिहिलेलं असेल, तर तेच पुसलं जातं आणि परका माणूस साहेब होऊन बसतो. एवढ्याशा मोजणीच्या चुकीनं. मग मुलांना रागावण्यापेक्षा, जागेबाहेर लिहूच न देणारी भाषा त्यांना शिकवूया ना! नव्या भाषा तशा आहेत. तू चहाचा कप खाली ठेवायचीस आणि म्हणायचीस, "ती भाषा जागा सांभाळेल गं. पण हा कागद कुणाचा आणि मागणारा कोण, हे ती कुठून सांगणार? ते विचारायचं माणसालाच सुचावं लागतं."

आपण दोघीही बरोबर होतो, असं आता वाटतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

प्रशांत आठवतो तुला? वेडा प्रश्न. साक्रीकडच्या खेड्यातला, बोलताना अहिराणी दाबून धरणारा, बोटं कळफलकावर वाऱ्यासारखी फिरवणारा. त्याचा प्रोग्रॅम सगळ्या वर्गात देखणा होता. तू त्यात वयाच्या जागी त्याचंच नाव टाकलंस आणि प्रोग्रॅम धाडकन पडला.

"मॅडम, वयाच्या जागी नाव कोण टाकेल?"

"मी टाकलं ना आत्ता."

शून्य. तो आठवडाभर तुझ्याशी बोलला नाही. नंतर मात्र तुझा सगळ्यात लाडका तोच झाला. जळगावला स्वतःचं छोटं ऑफिस काढलं तेव्हा पहिले पेढे तुझ्या टेबलावर आले.

मग तुझ्या काखेतली ती गाठ. तपासणीचा तुकडा काढून दिला, आणि रिपोर्ट मोबाइलवर लिंकनं येईल असं लॅबवाल्यांनी सांगितलं. आपण कॉलेजच्या मागच्या कडुनिंबाखाली बसलो होतो तेव्हा ती लिंक आली. तू वाचलंस. एकदा खाली, परत वर. मग फोन माझ्या हातात दिलास आणि ओढणीनं चष्मा पुसत बसलीस. मला वाचता येत होतं, समजत नव्हतं, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

"सलीमला आज सांगते, नवऱ्यापासून लपणार नाही," तू म्हणालीस. "पण अब्बांना एवढ्यात नको. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. त्यांना नीट दिसायला लागलं की मी पाचोऱ्याला जाईन, त्यांच्यासमोर बसेन आणि सांगेन. मीच सांगेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळता कामा नये."

एवढीच तुझी मागणी होती. रोग होऊ नये असंही तू म्हणाली नव्हतीस.

अब्बा आले तेव्हा मी तुझ्याच घरी होते. सलीमभाई दुकानात होते. बेल वाजली, मी दार उघडलं, तर पायरीवर अब्बा. एकटे. धूसर डोळ्यांनी पाचोऱ्याहून जळगाव, तिथून एसटीनं धुळे, रिक्षावाल्याला तीनदा पत्ता विचारत. हातात कापडी पिशवी. तू स्वयंपाकघरातून आलीस आणि जागीच थांबलीस. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, म्हणजे तू जिथे असशील असं त्यांना वाटलं तिकडे पाहिलं.

"बेटा, सबको मालूम था, एक मुझेच नहीं?"

तू त्यांना धरून आत आणलंस, पाणी दिलंस, त्यांचे बूट काढलेस. मग त्यांनी सांगितलं. शेजारच्या फरजानाबी दारात येऊन रडायला लागल्या, म्हणाल्या, मास्टर, तुमच्या रेहानाचं ऐकलं, अल्लाह रहम करे. त्यांच्या जावयानं मोबाइलमध्ये पाहिलं होतं.

"मोबाइल में कैसे?" तू विचारलंस. तुझा हात अब्बांच्या हातात होता, पण आवाज एकदम वर्गातला झाला.

फरजानाबींचं रक्तही त्याच लॅबकडे गेलं होतं. त्यांचा रिपोर्ट येईना. जावयाच्या स्वतःच्या रिपोर्टची लिंक त्याच्याकडे होती. तिच्या शेवटी एक नंबर होता. सासूचा रिपोर्ट पुढेमागे कुठेतरी असेल म्हणून तो एकेक नंबर वाढवत गेला. असं करताना वाटेत तू लागलीस. पूर्ण नाव, वय, पाचोऱ्याच्या मास्टरांची मुलगी म्हणून ओळखता येईल असं माहेरचं नावसुद्धा. आणि खाली तो शब्द.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं. कुणी चोर असता, कुणी हुशार बदमाश असता, तर आपल्याला शिव्या द्यायला तोंड तरी मिळालं असतं.

तू एका हातानं फोन घेतलास. तुझ्या रिपोर्टची लिंक उघडलीस, शेवटचा आकडा बदललास. साक्रीच्या कुणा बाईचा रिपोर्ट उघडला. तू फोन पालथा ठेवलास. तुझा तो चेहरा मी पुढे शेवटपर्यंत पाहिला, औषधांनी केस गेले तेव्हाही पाहिला, पण त्या क्षणी तो जसा पडला तसा पुन्हा कधी पडला नाही.

"कल्पना," तू म्हणालीस, "आत कोण आलंय एवढंही विचारत नाही गं हे. नंबर सांगा, कागद घ्या."

जळगावला लॅबच्या मुख्य ऑफिसात आपण दोघी गेलो. वाटेत एरंडोलला तू शेंगदाणे घेतलेस आणि मलाच दिलेस. तिथल्या मॅनेजरनं आधी ऐकून घेतलं. मग त्याचा सूर बदलला.

"म्हणजे मॅडम, तुम्ही दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट उघडून पाहिलात? हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"माझा उघडून पाहिला गेला, तो कुणाचा गुन्हा?"

"आमच्या सिस्टीमला पासवर्ड आहे, मॅडम. डॉक्टरांनासुद्धा टाकावा लागतो."

"डॉक्टरांना लागतो. पाचोऱ्याच्या जावयाला नाही लागला."

तो चिडला. तुमचं काय ते आमच्या सॉफ्टवेअरवाल्याशी बोला म्हणाला आणि एक व्हिजिटिंग कार्ड टेबलावर टाकलं. तू ते उचललंस. वाचलंस. मग माझ्याकडे दिलंस. प्रशांतचं नाव होतं.

एका फोटो स्टुडिओच्या वर त्याचं ऑफिस. तुला पाहताच तो धावत आला, वाकून पाया पडला, खुर्ची पुसली. तू खुर्चीत बसलीस आणि फोनवरचा तुझा रिपोर्ट त्याच्यासमोर धरलास. त्यानं नाव वाचलं. रोग वाचला. मग वर लिंकची पट्टी पाहिली, शेवटचा नंबर पाहिला, आणि त्याला सगळं कळलं. किती झटकन कळलं! तुझाच विद्यार्थी.

"मॅडम, माले बठ्ठं माहीत व्हतं," तो म्हणाला. आयुष्यभर दाबलेली अहिराणी एकदम बाहेर आली. मग सावरून, "सगळं माहीत होतं मला. लॉगिन ठेवलं होतं मी. म्हाताऱ्या लोकांना जमेना, लॅबला रोज फोन यायचे. ते म्हणाले, काढून टाक, नुसती लिंक दे. मी म्हटलं, आत्ता काढतो, नंतर दुसरं काहीतरी बसवू. आणि नंतर..."

"नंतर," तू म्हणालीस. एवढंच.

मला वाटलं होतं तू त्याला फाडून खाशील. तू पर्स बाजूला ठेवलीस आणि खुर्ची त्याच्या कॉम्प्युटरजवळ ओढलीस. "उघड." दुपारभर तुम्ही दोघं बसलात. ओळीनं जाणाऱ्या नंबराऐवजी कुणाला अंदाजानं सापडणार नाही अशी लांबलचक वेडीवाकडी खूण. लिंक उघडताना ज्या मोबाइलवर ती पाठवली त्यावर आलेला कोड. आणि मुख्य म्हणजे कागद देण्याआधी प्रोग्रॅमनं विचारायचं, हा कागद याचाच आहे का. तू ती ओळ त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलीस. एका ओळीत मावत होतं गं सगळं. अब्बांना तो धुळ्यापर्यंतचा प्रवास करायला लावणारी गोष्ट एका ओळीएवढी होती.

संध्याकाळपर्यंत लॅबचं ते दार लागलं. तू शेवटचा आकडा बदललास आणि पडद्यावर नकार आला. प्रशांत ढसाढसा रडला. तू त्याच्या पाठीवर हात ठेवलास आणि मग तो प्रश्न विचारलास.

"हाच कोड आणखी कुठे वापरलास?"

तो बोटांवर मोजायला लागला. एका शाळेच्या गुणपत्रिका. एका पतसंस्थेच्या खातेदारांची कागदपत्रं. दुसरा एक दवाखाना. मुलींच्या एका वसतिगृहाचे प्रवेश अर्ज, फोटो आणि घरच्या पत्त्यांसकट. मग त्याची बोटं थांबली, कारण काही ठिकाणी त्याच्याकडून घेतलेला कोड लोकांनी पुढे तिसऱ्याच कुणाला दिला होता.

वसतिगृहाचं त्यानं त्याच दिवशी दुरुस्त केलं. शाळेचंही केलं. बाकीचं तू अंगावर घेतलंस. सलाइन लावलेल्या हातानं तू फोन करायचीस. पतसंस्थेचे अध्यक्ष म्हणाले, निवडणूक होऊ द्या, मग बघू. दवाखान्यातला माणूस म्हणाला, इतकी वर्षं काही झालं नाही, तुम्हालाच कसं सापडलं? आणि एकानं सरळ सांगितलं, पुन्हा फोन केलात तर सायबर पोलिसांत तक्रार देऊ, तुम्ही हॅकर आहात.

त्या दिवशी सलीमभाईंनी तुझ्या हातातून फोन काढून घेतला. तू त्यांच्यावर ओरडलीस. ते बाहेर जिन्यात येऊन माझ्यापाशी म्हणाले, "वहिनी, मुसलमान बाई, त्यात कॉम्प्युटरवाली, आणि लोक हॅकर म्हणतायत. उद्या खरंच पोलीस दारात आले तर मी हिला दवाखान्यात नेऊ की ठाण्यात?" त्यांच्या जागी मी असते तर मीही फोन काढून घेतला असता.

तू नंतर फोन मागितला नाहीस. भांडलीही नाहीस. मला तुझ्या रोगानं एवढं घाबरवलं नव्हतं, जेवढं तुझ्या गप्प बसण्यानं.

शेवटच्या दिवसांतली आपली एक दुपार. पडद्यातून ऊन येत होतं, तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मी उगाच म्हटलं, सोड आता, जगाची सगळी भोकं बुजवायला तूच जन्मलीस का? मला वाटलं हसशील.

"त्याला येत होतं, कल्पना. आपण शिकवलं होतं. मी शून्य दिलं होतं. तरी."

मग भिंतीकडेच पाहत, "न येणाऱ्याला शिकवता येतं. ज्याला येतं पण घाई आहे, त्याला काय शिकवायचं?"

तू माझ्यापेक्षा कडक होतीस, पण माणसांवर विश्वास तुझाच जास्त होता. शून्य तो देतो ज्याला वाटतं की मुलगा सुधारेल. मी उदारपणे पास करत राहिले, कारण मला तशी आशाच नव्हती. तुझी आशा मोडताना मी उशाशी बसून पाहिली, आणि तिच्याच जोरावर इतकी वर्षं मी वर्गात उभी राहत होते हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तुला सांगायचं होतं. तू झोपली होतीस.

जनाज्याच्या दिवशी अब्बा अंगणात खुर्चीवर होते. ऑपरेशन झालंच नाही त्यांचं. तुझ्या दुखण्यात ते पुढे ढकललं गेलं आणि आता ते नको म्हणतात. मी जवळ गेले, तर माझा हात चाचपत धरला. आवाजावरून ओळखलं असावं.

"कल्पना बेटी, वो मुझे खुद बताने वाली थी ना?"

"हो, अब्बा. स्वतः. पाचोऱ्याला येऊन."

"क्या बोलने वाली थी?"

मला माहीत नव्हतं. तू ते वाक्य मनात जुळवत होतीस हे मला ठाऊक होतं. अब्बांना कोणत्या शब्दांत सांगितलं तर कमी लागेल, आधी काय बोलायचं, कुठे थांबायचं. तू ते मला कधी म्हणून दाखवलं नाहीस. फरजानाबींच्या जावयानं नंबर वाढवला आणि ते वाक्य बोलायची वेळच गेली. लॅबच्या हिशेबात त्याची नोंद नाही. कुठलाही तपास झाला तरी त्यात ते येणार नाही. एका बापाला आपल्या मुलीकडून ऐकायचं एक वाक्य मिळालं नाही. मी अब्बांना म्हटलं, "ती म्हणणार होती की घाबरू नका." ते मान हलवत राहिले. त्यांनी मला खोटं बोलताना ओळखलं, तेवढं त्यांना दिसतं.

आता तुला सांगायचं ते सांगते.

गेल्या आठवड्यात मला चक्कर आली म्हणून साखर तपासली. जवळ तीच लॅब होती, तिथेच रक्त दिलं. रिपोर्टची लिंक आली. पान नवीनच होतं, चकचकीत, वर हसऱ्या डॉक्टरचं चित्र. लॅबनं प्रशांतला काढून टाकलंय. कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेतलंय. लांब खूण नाही, मोबाइलवर कोड नाही. लिंकच्या शेवटी नंबर.

मी किती तरी वेळ तो बघत बसले. मला करायचं नव्हतं. पण तू असतीस तर केलं असतंस, म्हणून मी शेवटचा आकडा बदलून पाहिला.

उघडलं, रेहाना.

देवपूरचीच एक बाई. आपल्यापेक्षा लहान. मी खाली काय लिहिलंय ते वाचलं नाही, एवढं खरंच सांगते. लगेच लॅबला फोन लावला. एका मुलीनं उचलला, गोड आवाज, मी सगळं सावकाश समजावून सांगितलं, तू सांगायचीस तसं. तिनं शांतपणे ऐकलं.

"मॅडम, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

"हो, पण..."

"मग तुम्हाला प्रॉब्लेम काय आहे?"

मी म्हटलं, ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांचा नंबर द्या, मी त्यांच्याशी बोलते. ती म्हणाली, कंपनी बाहेरची आहे, नंबर आमच्याकडे नसतो, तुम्ही ॲपवर तक्रार टाका. मी टाकली. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं. कुणाचंही नाव नव्हतं खाली. प्रशांत होता तेव्हा निदान एसटीत बसून जाता येत होतं, त्याच्या शेजारी खुर्ची ओढता येत होती. आता कुणाच्या शेजारी बसू?

त्या देवपूरच्या बाईचा रिपोर्ट माझ्या फोनवर तसाच उघडा होता. नाव, वय, गल्ली. तिचेही कुणीतरी असतील ज्यांना तिला स्वतः सांगायचं असेल. मी ते पान बंद केलं. ते फक्त माझ्या फोनवर बंद झालं.